एकट्याच्या वावरातले उंदीर मारून संपत का नाहीत? (बेळगाव, खानापूर, निपाणी शिवारातले लहान प्राणी)

शिवार_येळ्ळूर (धागाकर्ता)

भात पोटरीला आलं की आपल्या भागात उंदरांच्या औषधाची पाकिटं खपायला लागतात. ज्याच्या वावरात कापलेले फुटवे दिसतात तो औषध टाकतो, शेजारचा आपलं नुकसान होईपर्यंत थांबतो. थोडे दिवस शांत जातात आणि पुन्हा मेरेवर ताजी माती दिसते. मग औषध भेसळीचं होतं अशी चर्चा. कधी तसं असेलही. पण माझं ठाम मत असं की औषध अस्सल असलं तरी हेच होणार. मेलेल्या उंदरांची जागा रिकामी राहत नाही, शेजारच्या बांधावरची तरणी पिढी येऊन ती भरते. उंदीर मारायचा कसा यावर आपण रात्रभर बोलू शकतो, तो कुठून निघतो आणि कुठे जातो यावर कोणी बोलत नाही. हा धागा त्यासाठी काढलाय.

आधी आपल्या रानात कोण कोण आहे ते. सरसकट 'उंदीर' म्हणून भागत नाही. सगळ्यात जास्त नुकसान करणारी लहान घूस, बँडिकोटा बेंगालेन्सिस. बिळाच्या तोंडाशी मऊ भुसभुशीत मातीचा ढीग आणि तोंड मातीनं बुजवलेलं, ही तिची खूण. आत कोठारं असतात, त्यात लोंब्या कापून नेऊन ठेवलेल्या असतात. पूर्ण वाढलेली घूस बहुधा बिळात एकटी राहते आणि दुसऱ्या वाढलेल्या घुशीला आत येऊ देत नाही. मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेताला सहा-आठ पिल्लं सहज होतात आणि तीनेक महिन्यांत ती पिल्लं स्वतः विण्याच्या वयाला येतात. आता विचार करा, एकट्यानं राहणाऱ्या प्राण्याच्या घरात एवढी पोरं जाणती झाली तर ती जाणार कुठे? बाहेरच.

दुसरा मऊ केसांचा रानउंदीर, मिलार्डिया मेल्टाडा. हा काळ्या रानातल्या भेगांत, दगडांच्या ढिगाखाली, घुशीनं सोडलेल्या बिळात राहतो. स्वतः फार खोल खणत नाही. मुरमाड तांबड्या रानात चपट्या केसांचा एक छोटा उंदीर असतो, मुस प्लॅटिथ्रिक्स. त्याच्या बिळाच्या तोंडाशी बारीक खडे गोळा केलेले दिसतील, आत बसायलाही खड्यांचंच अंथरूण. उघड्या माळाला जर्बिल, लांब मागचे पाय आणि शेपटीच्या टोकाला काळा झुपका. प्रत्येकाची चाल वेगळी, म्हणून उपाय करण्याआधी बीळ ओळखायला शिकणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

यातल्या मऊ केसांच्या उंदराबद्दल आपल्याच मुलखातली जुनी नोंद आहे. वॉल्टर इलियट हे नाव कित्तूरच्या इतिहासात येतं. २३ ऑक्टोबर १८२४ ला कित्तूरच्या लढाईत धारवाडचा इंग्रज कलेक्टर थॅकरे मारला गेला आणि राणी चन्नम्मांच्या फौजेनं दोन इंग्रज अधिकारी ओलीस धरले, त्यातला एक हा इलियट. पुढे त्यानं त्या वेळच्या दक्षिण मराठा मुलखातल्या सस्तन प्राण्यांची यादी लिहिली, ती १८३९ मध्ये मद्रासच्या नियतकालिकात छापून आली. त्यानं लंडनला धाडलेल्या नमुन्यांवरून जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३७ मध्ये या उंदराला शास्त्रीय नाव दिलं. 'मेल्टाडा' हे नाव वडार लोक त्याला जे म्हणत त्यावरून आलंय.

इलियट लिहितो की उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडलेल्या भेगांत हे उंदीर राहतात, आणि पावसाच्या सुरुवातीला भेगा ढासळून मिटतात तेव्हा दरवर्षी पुष्कळ मरतात. १८२६ साली सुरुवातीचा पाऊस नेहमीसारखा पडला नाही. त्या वर्षी त्यांची वीण इतकी झाली की पेरलेलं बी लगेच खाल्लं गेलं, आणि पुढे जोंधळ्याच्या ताटावर चढून कणसं तोडली गेली. शेतकऱ्यांना सारा भरता येईना इतकी शिवारं बसली. लोकांनी वडारांना कामाला लावलं, अमुक डझन उंदरांना एक माप धान्य असा हिशोब. हजारोंनी मारले, तरी संख्येत फरक जाणवला नाही.

या एका नोंदीत मला दोन्ही गोष्टी दिसतात. पहिला जोरदार पाऊस हा निसर्गाचा सगळ्यात मोठा लगाम. आणि तो सुटल्यावर नुसतं मारत राहून आकडा हलत नाही, कारण आजूबाजूनं भर पडत राहते. तुमच्या शिवारात काय दिसतं ते लिहा.

खानापूर_नंदगड

दादा, चांगला विषय काढलात. आमच्याकडे भात धूळवाफ पेरणीचं, मे अखेरीला कोरड्यात पेरतो. बी मातीत पडलं आणि पाऊस लांबला की सगळ्यात मोठा तोटा तेव्हाच. तुम्ही १८२६ चं सांगितलं ते वाचून अंगावर काटा आला, दोनशे वर्षं झाली तरी तीच कथा. एक शंका. उंदीर बाहेरून येतात म्हणता, तर किती लांबून? माझ्या एका बाजूला जंगल आहे. जंगलातनं येतात का?

शिवार_येळ्ळूर

जंगलातले उंदीर बहुतेक जंगलातच राहतात दादा. घनदाट झाडीतल्या जाती उघड्या वावरात फारशा टिकत नाहीत, आणि घुशीला तर शेती हवी असते. तुमच्याकडे येणारे तुमच्या शेजाऱ्याच्या बांधावरचे, ओढ्याच्या काठचे, गवताच्या गंजीखालचे. एवढ्या लहान प्राण्यांची बहुतेक पिल्लं जन्मबिळापासून काही मीटर ते शे-दोनशे मीटर एवढ्याच टापूत घर करतात. थोडी लांब जातात, पण ती थोडीच. शे-दोनशे मीटर म्हणजे आपल्याकडच्या तुकड्यांच्या हिशोबात चार-पाच खातेदार झाले. म्हणून तर एकट्यानं करून उपयोग नाही म्हणतो.

प्राणीशास्त्र_टिळकवाडी

नमस्कार. मी हा विषय शिकवते, म्हणून थोडी भर घालते. लांब होईल, सांभाळून घ्या.

जन्माची जागा सोडून दुसरीकडे जाऊन तिथे वीण करणं, याला शास्त्रात जन्मस्थलांतर म्हणता येईल. हे हंगामी स्थलांतरासारखं नाही. पट्टकदंब हंस येतात आणि परत जातात, हे जनावर एकदा निघालं की परतत नाही. कोण निघतं, याला एक ढोबळ नियम आहे. पॉल ग्रीनवूड यांनी १९८० मध्ये पक्षी आणि सस्तन प्राणी यांची तुलना केली. पक्ष्यांत बहुधा मादी लांब जाते, सस्तन प्राण्यांत बहुधा नर. सस्तन प्राण्यांत मुली आईच्या आसपास राहतात, त्यामुळे जवळजवळच्या बिळांत आई, लेकी, मावश्या असण्याची शक्यता जास्त, आणि नर बाहेरून आलेले. जवळच्या नात्यात वीण टळते हे एक कारण. माद्यांसाठी नरांची आपसातली चुरस हे दुसरं. अन्नाची आणि बिळांची टंचाई हे तिसरं. कोणत्या जातीत कोणतं कारण मोठं, यावर अभ्यासकांत अजून वाद चालतात.

पण मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते म्हणजे निघण्याचा क्षण कसा ठरतो. के होलेकँप यांनी कॅलिफोर्नियाच्या डोंगरातल्या जमिनीवर राहणाऱ्या खारींवर काम केलं. तिथे जवळजवळ सगळे नर घर सोडतात, माद्या क्वचित. कोणी हाकलून देतं म्हणून नव्हे. अंगावर पुरेशी चरबी चढली, ठराविक वजन झालं की नर निघतो. आणि जन्माच्या सुमारास ज्या मादी पिल्लांना नर संप्रेरक दिलं गेलं, त्या माद्याही पुढे नरांसारख्या निघून गेल्या. म्हणजे निघण्याची ओढ जन्माच्या वेळीच शरीरात पेरलेली असते आणि खाणंपिणं चांगलं झालं की ती जागी होते. उपाशी, हरलेले तेवढे जातात असा आपला समज असतो. तो सगळ्या जातींना लागू नाही, धडधाकट पोरंही जातात. विल्यम लिडिकर यांनी १९७५ मध्ये हाच भेद मांडला होता. जागा भरून गेल्यावर नाइलाजानं निघणारे वेगळे, आणि जागा भरायच्या आधीच, अंगात ताकद असताना निघणारे वेगळे. रिकामं वावर गाठून तिथे पटकन वीण वाढवणारे बहुधा दुसऱ्या प्रकारचे.

आता धाग्याच्या मूळ प्रश्नाशी जोडून. १९६९ मध्ये चार्ल्स क्रेब्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत इंडियानामध्ये गवताळ रानाला कुंपण घातलं. आत राहणाऱ्या व्होल नावाच्या उंदरांना बाहेर जाता येईना. शिकारी पक्षी आणि प्राण्यांना मज्जाव नव्हता, तरीही आतली संख्या बाहेरच्या मोकळ्या रानापेक्षा खूप वाढली, गवत खाऊन संपलं आणि मग संख्या कोसळली. थोडक्यात, पोरं निघून जाण्याची सोय हाच संख्येवरचा एक लगाम असतो. जाणाऱ्यांपैकी पुष्कळ वाटेत मरतात, घुबड, साप, मुंगूस यांच्या तोंडी जातात. व्होल आणि आपली घूस यांची राहणी वेगळी आहे, म्हणून हा निष्कर्ष जसाच्या तसा येळ्ळूरला लावू नये. तत्त्व मात्र ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

एक वावर तुम्ही रिकामं केलं की ते जाणाऱ्या पोरांसाठी उघडं घर होतं. तिथे हाकलणारा मोठा प्राणी उरलेला नसतो, अन्न तसंच उभं असतं.

निपाणी_ऊसवाला

मॅडम, तुमचं पटतंय. शिवारदादांचं अर्धंच पटतंय. 'सगळ्या गावानं एकदम करायचं' हे बोलायला सोपं हाय. आमच्यात ऊस तोडणी नोव्हेंबरात सुरू हुत्या ती मार्चपतूर चालत्या. कुणाचा फड कधी तुटायचा ते कारखाना ठरवतोय, आमच्या हातात काय न्हाई. एकाचा फड तुटला की त्यातले सगळे उंदीर शेजारच्या उभ्या फडात शिरतात. तिथला तुटला की पुढच्यात. शेवटाला जो ऱ्हातोय त्याच्या उसात पाय ठेवायला जागा नसत्या, कांड्या खालनं कुरतडून आडव्या पडत्यात. आणि ऊस संपला की हरभरा, गहू, जोंधळा. आता सांगा, एकदम करायचं म्हंजे कधी?

शिवार_येळ्ळूर

निपाणीकर, तुमचा प्रश्न माझ्या मांडणीतल्या सगळ्यात नाजूक जागी लागलाय आणि मला तो आवडला. तुम्ही जे सांगताय ते जन्मस्थलांतर नाही, ते घर मोडल्यामुळे झालेलं पळणं आहे. सगळ्या वयाचे, नर-मादी, पिल्लं पोटात असलेल्या माद्या, सगळे एकदम उठतात. तोडणीच्या काळात त्यांच्या मागे लागून काही हाती लागत नाही, कारण उभं पीक चारही बाजूंना आहे.

माझं उत्तर: मे महिना. रोहिणी लागायच्या आत. त्या वेळी भात, मसूर, हरभरा, जोंधळा सगळं काढून झालेलं असतं. रान मोकळं, अन्न कमी, बहुतेक ठिकाणी वीणही मंदावलेली. जिवंत उंदीर कुठे उरतात? खोडव्यात, पाण्याच्या पाटाच्या आणि कॅनॉलच्या काठाला, रुंद बांधांवर, गंजीखाली, खळ्याजवळ. वर्षभर पसरलेली संख्या त्या काही दिवसांत थोड्याशा जागेत गोळा झालेली असते. तिथेच गावानं मिळून काम केलं तर पावसानंतर रानात शिरणारी पहिली पिढीच तुटपुंजी होते. भाताच्या कापणीपर्यंत ती भरून काढायला त्यांना वेळ पुरत नाही. पोटरीतल्या भातात औषध टाकणं म्हणजे मोठं झालेलं कर्ज फेडत बसणं.

आणि कामाच्या आधी बिळं मोजा. संध्याकाळी दिसतील ती सगळी बिळं चिखलानं लिंपून टाकायची, सकाळी जी उघडलेली दिसतील ती जिवंत. औषध तेवढ्याच बिळांना. यानं औषध कितीतरी कमी लागतं. झिंक फॉस्फाइड वापरणाऱ्यांनी आधी दोन-तीन दिवस नुसतं साधं खाद्य ठेवावं. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, थोडंसं खाऊन आजारी पडून वाचला तर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही.

वडगाव_मागवाली

दादा, आमच्याकडं शेती नाही, माग आहेत. पाऊस सुरू झाला की घरात उंदीर वाढूलालेत दरवर्षी. सूत कुरतडतात, वर कौलात पळापळ. हे पण शेतातलेच का? आणि चिचुंद्र्या पण फिरूलालेत. एकदा आईच्या मागनं पिल्लांची रांगच रांग बघितली, एकमेकाची शेपटी धरून. सासूबाई म्हणतात चिचुंद्रीला मारू नको. खरं काय ते सांगा की.

प्राणीशास्त्र_टिळकवाडी

ताई, सासूबाईंचं ऐका. चिचुंद्री उंदीरच नव्हे. ती कीटकभक्षी, झुरळं, किडे, गांडुळं हे तिचं खाणं. तिला दिसतं कमी, चालते भिंतीच्या कडेनं, तिच्या वासामुळे मांजरही तिला सहसा खात नाही. तुम्ही बघितलेली रांग म्हणजे आई पिल्लांना एका जागेवरून दुसऱ्या जागी नेत होती. पहिलं पिल्लू आईच्या शेपटीच्या मुळाशी दातानं धरतं, दुसरं पहिल्याच्या, असं. घरट्याला धोका वाटला की असं हलवतात. फार लोकांना बघायला मिळत नाही, तुम्ही नशीबवान.

कौलातले ते काळे घरउंदीर, रॅटस रॅटस. हे चढण्यात पटाईत, माळा आणि वासे यांचं राज्य. ते वर्षभर घरातच असतात. पावसात भर पडते ती गटारं आणि परसातली बिळं पाण्यानं भरल्यामुळे, तिथली घूस आणि उंदीर कोरडी जागा शोधत आत येतात. सूत पत्र्याच्या पेटीत किंवा जमिनीपासून उंच मांडणीवर ठेवा, आणि दाराखालची फट बंद करा. बोटभर फटीतून लहान उंदीर आरामात जातो.

रानवाट_जांबोटी

मला एका गोष्टीची काळजी वाटते, म्हणून लिहितो. बांधावर उंदीर असतात म्हणून लोक बांधच साफ करायला निघतात. झुडपं जाळतात, ओढ्याकाठची करवंदी, निर्गुडी, बांबू तोडतात. त्याच झुडपांत ससा असतो, मुंगूस असतो, रानमांजर असतं, धामण असते. उंदरांना खाणारी ही सगळी मंडळी तिथूनच रात्री वावरात येते. झुडूप गेलं की ती जातात आणि उंदीर मात्र नांगरलेल्या मेरेतही बीळ करतो.

आणि जाण्या-येण्याचा प्रश्न फक्त उंदरांचा नाही. आमच्या जांबोटी, कणकुंबी, हेमडगा पट्ट्यात शेकरू आहे. ते झाडावरून झाडावर जातं, जमिनीवर फारसं उतरत नाही. त्याच्या पिल्लालाही मोठं झाल्यावर नवं रान हवं असतं. मधे रस्ता रुंद झाला, दोन्ही बाजूंच्या फांद्या एकमेकींना भिडेनाशा झाल्या की त्याच्यासाठी तिथे देश संपतो. अलीकडचं आणि पलीकडचं रान दिसायला हिरवंच राहतं, पण शेकरू इकडचं तिकडे जात नाही. नात्यानात्यांत वीण होत राहते. बाहेरच्या देशांत झालेल्या अभ्यासांत जमिनीवरचे छोटे उंदीरही रस्ता ओलांडायला कचरतात असं दिसलंय, डांबराची पट्टी फार रुंद नसली तरी. माझं स्पष्ट मत आहे: खानापूर तालुक्यात रस्त्याच्या कडेची जुनी झाडं तोडताना निदान काही ठिकाणी वरचा छत्रीसारखा पदर जोडलेला ठेवलाच पाहिजे. नुसती रोपं लावून ते साधत नाही, त्याला पन्नास वर्षं जातात.

शिवार_येळ्ळूर

जांबोटीकर, पूर्ण सहमत आणि हे आधीच लिहायला हवं होतं असं वाटायला लावणारं आहे. भाताच्या खाचरांतल्या आतल्या मेरा अरुंद ठेवाव्यात, एक फुटाच्या आत, तेवढ्यात घुशीला नीट बीळ करता येत नाही. पण ओढ्याकाठचं, शिवेवरचं झुडूप तसंच राहू द्यावं. दोन वेगळ्या जागा आहेत, एकच कोयता दोन्हीकडे चालवू नये. रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा, ब्रोमॅडिओलोन वगैरेचा, वापरही जपून. ते खाऊन मेलेला किंवा मरायला टेकलेला उंदीर घुबडानं खाल्ला तर विष घुबडाच्या अंगात जातं. मेलेले उंदीर सकाळी गोळा करून खोल पुरावेत.

खानापूर_नंदगड

जांबोटीच्या भाऊ, तळेवाडीच्या गुहेतल्या वटवाघळांबद्दल लिहा की थोडं. ती पण लहान सस्तनच. आमच्या पोरांना फक्त भीमगडचं नाव माहीत आहे.

रानवाट_जांबोटी

आनंदानं. बारापेडे गुहा. तिथे राहणाऱ्या वटवाघळाला रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ म्हणता येईल, शास्त्रीय नाव ऑटोमॉप्स रॉटनी. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं १९११ मध्ये सस्तन प्राण्यांचं मोठं सर्वेक्षण सुरू केलं होतं. त्या काळात, १९१२ मध्ये, हे वटवाघूळ इथे सापडलं आणि १९१३ मध्ये ओल्डफील्ड थॉमस यांनी त्याचं वर्णन केलं. मोठे पुढे झुकलेले कान, लांब अरुंद पंख. पुढची कितीतरी दशकं सगळ्या जगात या प्राण्याचा एकच पत्ता होता, आपल्या खानापूर तालुक्यातली ही गुहा. २००० च्या आसपास मेघालयात आणि कंबोडियात सापडल्याच्या नोंदी आल्या. बारापेडेपासून मेघालय सुमारे दोन हजार किलोमीटर. मधल्या प्रदेशात ती कुठे आहेत, इथली आणि तिथली कधी एकमेकांना भेटतात का, हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही इतका आवडता आहे. उंदीर शंभर मीटर गेला तर आपण मोजू शकतो. अरुंद पंखांचं, वेगानं उंच उडणारं वटवाघूळ एका रात्रीत कुठवर जातं ते कोण मोजणार?

वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात या वटवाघळाला जागा आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण. २०११ मध्ये भीमगड अभयारण्य जाहीर झालं त्यामागे या गुहेचं महत्त्व मोठं होतं. हौस म्हणून गुहेत कोणीही जाऊ नये. परवानगी लागते, आणि दिवसा निवांत बसलेली माद्या-पिल्लं टॉर्चच्या उजेडानं उठली तर पिल्लं खाली पडतात. पोरांना दाखवायचं असेल तर गावातल्या वडाच्या झाडावरची मोठी फळखाऊ वटवाघळं दाखवा. वड, उंबर, जांभूळ यांच्या बिया ती केवढ्या लांब नेऊन टाकतात. आपल्या देवराईतली कितीतरी झाडं त्यांनी लावलेली असतील.

कडोली_शिक्षक

सर्वांना नमस्कार. आमच्या शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांना घेऊन काही करता येईल का? बिळं मोजणं चालेल, पण उंदीर पकडणं मला धोक्याचं वाटतं.

प्राणीशास्त्र_टिळकवाडी

सर, उंदीर अजिबात पकडू नका. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या लघवीतून पाण्यात-चिखलात येतात, पायाला जखम असेल तर तिथून शिरतात. पश्चिमेकडच्या जंगलाजवळच्या शाळांनी आणखी एक सांभाळावं. माकडताप १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. तो गोचिडीतून पसरतो, आणि जंगलातले उंदीर, चिचुंद्र्या, खारी या गोचिडीच्या पिल्लांना पोसतात. २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्गात रुग्ण सापडले, म्हणजे आपल्या उंबऱ्यापर्यंत. आपली माणसं काजूच्या कामाला तिकडे जातात. रानात मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचं, हे मुलांना शिकवा.

मुलांसाठी माझी सूचना: घुबडाच्या गोळ्या. गव्हाणी घुबड उंदीर सबंध गिळतं आणि न पचलेली हाडं, केस यांचा गोळा तोंडातून टाकतं. जुना वाडा, देऊळ, पडकी विहीर अशा बसण्याच्या जागेखाली त्या पडलेल्या सापडतात. हातमोजे आणि मास्क घालून गोळा करायच्या, कडक उन्हात वाळवायच्या, मग कोमट पाण्यात थोडा साबण घालून चिमट्यानं सोडवायच्या. काम झाल्यावर हात स्वच्छ धुवायचे. कवट्या बघितल्या की उंदीर आणि चिचुंद्री लगेच वेगळ्या ओळखता येतात. उंदराला पुढे पटाशीसारखे मोठे दात, मागे लांब फट, मग दाढा. चिचुंद्रीची कवटी निमुळती, दातांची सलग टोकदार रांग. प्रत्येक महिन्याच्या गोळ्या वेगळ्या पुड्यांत, जागा आणि तारीख लिहून. वर्षभरात कोणत्या महिन्यात शिवारात कोणते प्राणी जास्त फिरतात याचं चित्र मुलांच्या हातात येईल. घर सोडून निघालेली उंदरांची पोरं घुबडाला जास्त सापडतात, त्यामुळे लहान वयाच्या कवट्या कधी वाढतात तेही बघता येईल. घरट्याजवळ मात्र जाऊ नका, आणि घुबडाबद्दल गावात काही समज असतील तर मुलांकरवीच घरी बोलणं होऊ द्या.

निपाणी_ऊसवाला

मॅडम, हे मला पण करावं वाटतंय. आमच्या जुन्या वाड्यात घुबडाची जोडी हाय. आजवर म्हाताऱ्या माणसांच्या सांगण्यानं तिला हाकलत हुतो, आता न्हाई हाकलणार.

आणि शिवारदादा, मे महिन्याचं मी आमच्या पाणीवापर सोसायटीत मांडतो. सगळ्यांचा ऊस वेगळ्या टायमाला तुटतोय, पण पाटाचा काठ सगळ्यांचा एकच हाय. त्या काठाला आधी बिळं लिंपून मोजू. किती जिवंत निघाली ते इथं लिहितो. तुमच्याकडं कुठल्या टप्प्यात करताय?

शिवार_येळ्ळूर

आम्ही शिवेवरच्या नाल्यापासून सुरू करतोय, दोन्ही काठ, मग शहापूरच्या बाजूचे मोठे बांध. तुम्ही मोजताना घुशीची बिळं आणि उघड्या तोंडाची बिळं वेगळ्या रकान्यात लिहा. घुशीचं बीळ आधीच बुजलेलं असतं, त्यामुळे लिंपून कळत नाही. तिची ताजी माती संध्याकाळी हातानं पसरून सपाट करा, सकाळी नवा ढीग आला असेल तर आत आहे समजा. पाऊस सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी त्याच जागा पुन्हा मोजा, आणि त्याच्या बाजूला जिथे काही केलं नाही असा एक काठ ठेवा, म्हणजे फरक आपल्या कामामुळे पडला की पावसामुळे ते सांगता येईल. कडोलीचे सर, तुमच्या मुलांनी तो न हात लावलेला काठ मोजला तर फार बरं होईल.

कडोली_शिक्षक

मोजू. परीक्षा संपल्या की मुलं मोकळीच असतात. रकान्यांचा एक कच्चा तक्ता इथे टाकाल का, मी फळ्यावर काढून घेतो.